नदीत मैला किती हे कळले. तो कुठून आला हे कोण सांगणार?

फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रयागराजच्या महाकुंभात कोट्यवधी भाविक स्नान करत असताना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा एक अहवाल राष्ट्रीय हरित लवादापुढे आला. नदीचे पाणी मैलाजन्य जिवाणूंच्या बाबतीत अनेकदा स्नानाच्या निकषात बसत नाही, असे त्यात म्हटले होते. दोनच दिवसांत उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री योगी आदित्यनाथ यांनी विधानसभेत सांगितले, की संगमाचे पाणी स्नानालाच नव्हे, आचमनालाही योग्य आहे. महिनाअखेरीस याच मंडळाने आणखी एक अहवाल दिला. सर्व मोजण्यांचा मध्यांक काढला, तर पाणी मर्यादेत होते, असा त्याचा निष्कर्ष. मर्यादा १०० मिलिलिटरमागे २,५०० ची आणि मध्यांक १,४०० चा.

समाजमाध्यमांवर लगेच दोन तट पडले. एकाच्या हातात पहिला अहवाल, दुसऱ्याच्या हातात दुसरा. या गदारोळात एक साधा प्रश्न कुणी फारसा विचारलाच नाही. पाण्यात जो काही मैला होता, तो आला कुठून? शहराच्या गटारांतून, शुद्धीकरण केंद्रातून, वरच्या गावांतून, जनावरांकडून, की स्नान करणाऱ्यांच्याच अंगावरून?

दोन्ही अहवालांतल्या आकड्यांकडे याचे उत्तर नव्हते. ते असणे शक्यही नव्हते, कारण आपण जी चाचणी करतो तिला हा प्रश्न विचारलेलाच नसतो. नाशिकचा सिंहस्थ तोंडावर असताना महाराष्ट्राने तरी तो विचारायला हवा.

मोजतात नेमके काय?

१८८५ मध्ये थिओडोर एशेरिक या जर्मन-ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञाला बाळांच्या विष्ठेत एक जिवाणू सापडला. पुढे त्याच्याच नावावरून तो एशेरिकिया कोलाय, म्हणजे आपल्या ओळखीचा ई-कोलाय झाला. त्याच्या बहुतेक जाती निरुपद्रवी असतात आणि आपल्या आतड्यात सुखाने राहतात. मात्र तो पाण्यात दिसला, तर विष्ठा तिथे पोहोचली असावी आणि तिच्यासोबत कॉलरा, विषमज्वर, कावीळ यांचे जंतूही आले असतील, असा अंदाज बांधता येतो. प्रत्येक रोगाचा जंतू वेगळा शोधत बसण्यापेक्षा हा एक निर्देशक मोजणे सोपे. शंभरेक वर्षे जगभर हेच चालत आले आहे.

आपल्याकडे नद्यांसाठी ‘फीकल कोलिफॉर्म’ या जिवाणूगटाची मोजणी होते. ई-कोलाय याच गटातला. नमुना विशिष्ट द्रावणात घालून ४४.५ अंश सेल्सियसला ठेवतात. त्या उष्णतेत वाढून वायू तयार करणाऱ्या जिवाणूंवरून संख्याशास्त्राच्या आधारे आकडा काढतात. त्याला एमपीएन, म्हणजे सर्वाधिक संभाव्य संख्या म्हणतात. केंद्र सरकारने २००० मध्ये अधिसूचित केलेल्या निकषानुसार स्नानाच्या पाण्यात १०० मिलिलिटरला हा आकडा ५०० असणे इष्ट आणि २,५०० ही कमाल मर्यादा. पिण्याच्या पाण्यात तर १०० मिलिलिटरमध्ये एकही ई-कोलाय चालत नाही.

चाचणी स्वस्त आहे आणि जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत होते. धोक्याची घंटा म्हणून तिचे मोल मोठे आहे. पण घंटा वाजली, यावरून आग कुठल्या खोलीत लागली ते कळत नाही.

आकडा कुठे तोकडा पडतो?

पहिली अडचण अशी, की ई-कोलाय माणसात असतो, तसाच गायी-म्हशींत, शेळ्या-मेंढ्यांत, डुकरांत, कुत्र्यांत, कोंबड्यांत आणि पक्ष्यांतही असतो. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १९ कोटी गोवंशीय जनावरे, ११ कोटी म्हशी आणि ८५ कोटी कोंबड्या आहेत. अशा देशात नुसत्या ई-कोलायच्या आकड्यावरून माणसाकडे बोट दाखवता येत नाही आणि जनावराकडेही नाही.

दुसरी अडचण उष्ण हवामानाची. हा जिवाणू शरीराबाहेर पडला की लवकर मरतो, असे थंड देशांतल्या अनुभवावरून मानले गेले. हवाईतल्या संशोधनात वेगळे दिसले. तिथल्या उष्ण, दमट मातीत तो तग धरून होता आणि पावसाबरोबर ओढ्यांत उतरत होता. आपल्या नद्यांच्या काठचा गाळ आणि चिखलही असाच साठा ठरू शकतो. पहिल्या मोठ्या पावसात आकडा उसळतो, त्यात कालच्या मैल्यासोबत महिनाभरापूर्वीचा गाळही असू शकतो.

तिसरी अडचण गटाच्या नावातच आहे. ‘फीकल’ म्हणवणाऱ्या या गटातले काही जिवाणू, उदाहरणार्थ क्लेबसिएला, कागद गिरण्यांच्या सांडपाण्यातही वाढतात. त्यांचा विष्ठेशी संबंध असेलच असे नाही.

चौथी अडचण वेळेची. निकाल हाती यायला दोन-तीन दिवस लागतात. ज्या पाण्याचा तो निकाल असतो, ते तोवर पुढच्या जिल्ह्यात गेलेले असते.

आणखी एक गोष्ट. ‘प्रदूषित नदीपट्टे’ म्हणून जी यादी दर काही वर्षांनी गाजते, ती जैविक प्राणवायू मागणी म्हणजे बीओडी या निकषावर ठरते. केंद्रीय मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशात असे ३११ पट्टे होते आणि सर्वाधिक, ५५, महाराष्ट्रात होते. बीओडी सेंद्रिय घाण मोजते. ती साखर कारखान्याच्या मळीची की घराघरांतल्या मैल्याची, हे त्यातूनही कळत नाही.

माणूस की जनावर, याने फरक काय पडतो?

घाण ती घाण, असे कुणी म्हणेल. पण आजाराच्या आणि उपायाच्या दृष्टीने मोठा फरक पडतो. दोन उदाहरणे पाहू.

१९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात नळाच्या पाण्यातून क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी पसरला आणि सुमारे चार लाख लोक आजारी पडले. आधी संशय गेला परिसरातल्या गुरांवर, कारण वासरांत हा परजीवी सर्रास आढळतो. काही वर्षांनी रुग्णांचे जतन केलेले नमुने जनुकीय पद्धतीने तपासले, तेव्हा त्यांत सापडला तो माणसांत फिरणारा प्रकार. संशयाची सुई गोठ्याकडून शहराच्या सांडपाण्याकडे वळली.

मे २००० मध्ये कॅनडातल्या वॉकरटन या छोट्या गावात उलटे घडले. जोरदार पावसानंतर शेतातले शेणखत सार्वजनिक विहिरीत झिरपले. क्लोरिन पुरेसे नव्हते. सुमारे २,३०० लोक आजारी पडले आणि सात जण दगावले. तिथे दोष गटाराचा नव्हता. तिथे मैलाशुद्धीकरण केंद्र कितीही मोठे बांधले असते, तरी उपयोग झाला नसता.

माणसाच्या मैल्यातून येणारे नोरोव्हायरस किंवा कावीळ पसरवणारे विषाणू माणसालाच सर्वाधिक बाधतात. म्हणून मानवी सांडपाणी ही पहिली चिंता. पण जनावरांची घाण निरुपद्रवी असते, हा समजही खरा नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जोखीम-अभ्यासात असे दिसले, की गुरांच्या ताज्या विष्ठेने दूषित पाण्यात उतरण्याची जोखीम मानवी विष्ठेइतकीच असू शकते. कोंबड्या, डुकरे आणि समुद्रपक्षी यांच्या बाबतीत ती बरीच कमी निघाली. थोडक्यात, २,५०० हा आकडा तोच असला, तरी त्यामागचा धोका ठिकाणागणिक वेगळा असतो.

उगम शोधतात कसा?

जुनी एक युक्ती होती. फीकल कोलिफॉर्म आणि फीकल स्ट्रेप्टोकोकाय या दोन गटांचे गुणोत्तर काढायचे. ते चारपेक्षा जास्त आले तर माणूस, खूप कमी आले तर जनावर. पुढे लक्षात आले, की हे दोन गट पाण्यात वेगवेगळ्या वेगाने मरतात. नाल्याच्या तोंडाशी काढलेले गुणोत्तर दोन किलोमीटर खाली बदललेले असते. म्हणून तज्ज्ञांनी ती पद्धत सोडून दिली.

आजची पद्धत प्रत्येक प्राण्याच्या आतड्यातल्या खास रहिवाशांवर आधारलेली आहे. आतड्यात ई-कोलायपेक्षा बॅक्टेरॉइडेल्स गटाचे जिवाणू कितीतरी जास्त असतात. त्यांना प्राणवायू सोसत नाही, त्यामुळे ते बाहेर वाढत नाहीत. शिवाय माणसातले, गायीतले आणि कुत्र्यातले बॅक्टेरॉइडेल्स जनुकांच्या पातळीवर थोडे वेगळे असतात. २००० मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी अशा खुणा वेगळ्या केल्या. त्यांतली ‘एचएफ १८३’ ही माणसाच्या विष्ठेची खूण जगभर वापरली जाते. पाण्यातला डीएनए गाळून घ्यायचा आणि पीसीआर यंत्रात ही खूण शोधायची. करोनाकाळात घरोघरी पोहोचलेले तेच हे पीसीआर. निकाल काही तासांत मिळू शकतो.

विषाणूंच्याही खुणा आहेत. २०१४ मध्ये संगणकीय विश्लेषणातून सापडलेला क्रॅसफेज हा जिवाणूंना खाणारा विषाणू माणसांच्या आतड्यात मोठ्या संख्येने असतो. दुसरी खूण तर आपल्या स्वयंपाकघरातूनच निघते. मिरचीच्या झाडाला होणाऱ्या एका रोगाचा विषाणू मिरची आणि तिखटाबरोबर आपल्या पोटात जातो आणि पचनातूनही टिकून बाहेर पडतो. गोठ्यातली गुरे तिखट खात नाहीत. त्यामुळे हा विषाणू नदीत भरपूर सापडला, तर घरांतले सांडपाणी तिथे पोहोचले असे मानायला आधार मिळतो.

साधे रासायनिक पुरावेही कामाला येतात. चहा-कॉफीतले कॅफिन, साखरेऐवजी वापरतात ती कृत्रिम गोडी, कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत घातलेले चमकद्रव्य. या गोष्टी म्हशीच्या गोठ्यातून येत नाहीत.

परदेशी चाचणी इथे जशीच्या तशी चालेल का?

चालेलच असे नाही, आणि याचा पुरावा भारतातच आहे. ओडिशाच्या किनारी भागात संशोधकांनी अमेरिका-युरोपात तयार झालेल्या अशा दहा चाचण्या तपासल्या. माणसे, सांडपाणी, गायी, म्हशी, शेळ्या, मेंढ्या, कुत्रे आणि कोंबड्या यांचे नमुने घेतले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष डोळे उघडणारा होता. माणसाची खूण ओळखणाऱ्या पाचपैकी चार चाचण्यांना निम्मे मानवी नमुनेही ओळखता आले नाहीत. कुत्र्यांच्या आणि कोंबड्यांच्या विष्ठेलाही या चाचण्या अनेकदा ‘माणूस’ म्हणत होत्या. कुत्रा ओळखणारी चाचणी मात्र चोख निघाली.

याचे कारण समजण्यासारखे आहे. आहार वेगळा, आतड्यातले जिवाणू वेगळे, आणि आपल्याकडे माणसे, कुत्री, कोंबड्या एकाच अंगणात वावरतात. म्हणून खुणा वापरण्याआधी त्या आपल्या जनावरांवर आणि आपल्या सांडपाण्यावर पारखून घ्याव्या लागतात. कॅलिफोर्नियानेही हेच केले. तिथे २७ प्रयोगशाळांनी ४१ पद्धती ओळख लपवलेल्या नमुन्यांवर तपासल्या आणि त्यानंतर, २०१३ च्या अखेरीस, राज्याची मार्गदर्शिका निघाली.

ओडिशाचाच आणखी एक धडा आहे. पुरी जिल्ह्यातल्या १०० गावांत झालेल्या मोठ्या चाचणीत शौचालये असलेल्या घरांचे प्रमाण ९ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर गेले. तरीही मुलांचे अतिसाराचे प्रमाण घटले नाही. त्याच्या कारणांबद्दल मतभेद आहेत. शौचालये बांधली पण सगळ्यांनी वापरली नाहीत, हे एक कारण. पण ओडिशाच्याच गावांतल्या दुसऱ्या अभ्यासांत घरातल्या साठवलेल्या पाण्यात आणि लोकांच्या हातांवर जनावरांच्या विष्ठेच्या खुणा मोठ्या प्रमाणात सापडल्या. म्हणजे एक दार बंद करताना दुसरे उघडे राहिले होते. उगम आधी शोधला असता, तर दोन्ही दारांचा विचार झाला असता.

पुण्याने काय शिकवले?

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक सापडू लागले. दोनशेहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले. नोरोव्हायरस माणसांच्या मैल्याकडे बोट दाखवतो, तर कॅम्पायलोबॅक्टर जेजुनीचे मोठे घर म्हणजे कोंबड्यांचे आतडे. मग गुन्हेगार कोण? जलवाहिनीत झिरपणारे गटार, की कोंबड्यांची घाण, की दोन्ही?

विहिरीचे पाणी तपासले गेले, खासगी टँकर तपासले गेले, परिसरातल्या कोंबड्यांचेही नमुने घेतले गेले. हे सगळे साथ पसरल्यावर, धावपळीत. त्या परिसरातल्या जलस्रोतांत कुठल्या प्राण्याची घाण किती येते याची नोंद आधीपासून असती, तर पहिल्या आठवड्यातच शोधाला दिशा मिळाली असती.

नाशिकसाठी घाई का?

सिंहस्थाचे ध्वजारोहण ऑक्टोबर २०२६ मध्ये आणि मुख्य स्नाने ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये आहेत. प्रयागराज आणि नाशिक यांच्यात एक मोठा फरक आहे, ज्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. प्रयागचे स्नान माघात, कोरड्या थंडीत होते. नाशिकचे स्नान भर पावसाळ्यात होते. पाऊस पाण्याचे प्रमाण वाढवतो, पण सोबत रस्ते, गोठे, उकिरडे, तुंबलेली गटारे आणि काठचा गाळ नदीत लोटतो. प्रयागला जो आकडा वादग्रस्त ठरला, तो नाशिकला एका सरीत ओलांडला जाऊ शकतो.

गोदावरी ब्रह्मगिरीवरून निघते, गंगापूर धरणातून शहरात येते. नासर्डी आणि वाघाडी तिला शहरातच मिळतात. तपोवन, आगरटाकळी इथे मैलाशुद्धीकरण केंद्रे आहेत. साधुग्राम तपोवनात वसते. त्र्यंबकेश्वरला स्नान होते ते कुशावर्त कुंडात. या प्रत्येक ठिकाणी घाणीचा उगम वेगळा असू शकतो आणि म्हणून उपायही वेगळा. कुशावर्तासारख्या बंदिस्त कुंडात स्नान करणारी माणसे स्वतःच जिवाणू सोडतात. तिथे उत्तर आहे पाणी किती वेगाने बदलते यात. नाल्याच्या तोंडाशी प्रश्न फुटलेल्या मलवाहिनीचा असेल, तर उत्तर गवंड्याच्या हातात आहे. वरच्या बाजूला गोठ्यांचा असेल, तर शेणाच्या व्यवस्थापनात.

एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. कच्च्या सांडपाण्यात १०० मिलिलिटरला एक कोटीपर्यंत फीकल कोलिफॉर्म असू शकतात. असे एक लिटर पाणी २,५०० च्या मर्यादेत आणायला चार हजार लिटर स्वच्छ पाणी लागेल. केंद्राने त्यातले ९९ टक्के जिवाणू काढले, तरी एक लाख उरतात, म्हणजे मर्यादेच्या चाळीसपट. म्हणूनच २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेने नव्या शुद्धीकरण केंद्रांसाठी १,००० ची मर्यादा घातली. शेवटच्या टप्प्यात निर्जंतुकीकरण नसेल, तर बीओडीच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेले केंद्रही नदीला मैला देतच राहते.

मग करायचे काय?

जनुकीय चाचणीचे नाव काढले, की परदेशी यंत्रे आणि कोट्यवधींच्या निविदा डोळ्यांसमोर येतात. तसे करण्याची गरज नाही. उगमशोधाचे पहिले पाऊल पायीच टाकायचे असते.

पहिला टप्पा म्हणजे काठाने चालणे. प्रत्येक नाला, प्रत्येक पाइप, प्रत्येक गोठा, सेप्टिक टाकी उपसणारी गाडी जिथे रिकामी होते ती जागा, हे सारे नकाशावर टिपायचे. स्वच्छता निरीक्षक, महाविद्यालयीन विद्यार्थी आणि घाटावर रोज येणारी माणसे हे काम आठवड्याभरात करतील.

दुसरा टप्पा म्हणजे प्रत्येक नाला मिळण्याच्या वर आणि खाली, कोरड्या दिवशी आणि पावसात, नमुने घेणे. सोबत प्रवाहही मोजायचा. नाल्यातला आकडा मोठा पण पाणी बोटभर असेल, तर त्याचा वाटा लहान असतो. आकडा मध्यम पण प्रवाह मोठा असेल, तर खरा दोषी तोच. आज आपण नदीतल्या मोजक्या ठरलेल्या जागी, महिन्यातून एकदा नमुना घेतो. त्यातून वाटा कळत नाही.

तिसरा टप्पा रासायनिक खुणांचा आणि शेवटचा जनुकीय खुणांचा. तोही सगळीकडे नको, जिथे संशय मिटत नाही तिथेच. महाराष्ट्राकडे यासाठी काय कमी आहे? नागपूरला नीरी आहे. पुण्यात राष्ट्रीय विषाणू संस्था आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. करोनाकाळात पुण्यातल्याच शास्त्रज्ञांनी सांडपाण्यातून विषाणूचा माग काढला होता. यंत्रे आहेत, माणसे आहेत. त्यांना नदीचा प्रश्न विचारणारा आदेश हवा.

आणि शेवटची अट, निकाल लोकांसमोर यावेत. नाल्याचे नाव, वाटा, उगम, जबाबदार विभाग आणि दुरुस्तीची तारीख. आज मंडळाच्या संकेतस्थळावर आकडे असतात, पण त्यातून नागरिकाला कुणाला जाब विचारायचा ते कळत नाही. आकड्याला पत्ता जोडला, की जबाबदारीही जोडली जाते.

आक्षेप काय आहेत?

पहिला आक्षेप असा, की हे मैलापाणी आहे हे सगळ्यांना माहीतच आहे, मग शोध कशाला? बहुतेक शहरांत मुख्य दोषी सांडपाणीच निघेल, यात शंका नाही. पण ‘सांडपाणी’ हे उत्तर अर्धवट आहे. जोडणीच नसलेली वस्ती, फुटलेली वाहिनी, वीज गेली की बंद पडणारे उपसा केंद्र, रात्री नाल्यात रिकामी होणारी गाडी आणि निर्जंतुकीकरण न करणारे केंद्र, ही पाच वेगळी दुखणी आहेत. सगळ्यांवर नवे केंद्र बांधणे हेच औषध देत राहिलो, तर पैसा जाईल आणि आकडा तसाच राहील.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अभ्यासाच्या नावाखाली काम पुढे ढकलले जाईल, आणि दोष जनावरांवर किंवा पावसावर टाकून प्रशासन मोकळे होईल. ही भीती खोटी नाही. म्हणूनच कालमर्यादा हवी. दिसणारी गळती आजच बुजवावी, त्यासाठी डीएनएची वाट पाहू नये. खुणांना मर्यादा आहेत हेही मान्य करावे. क्लोरिनने जिवाणू मेले, तरी त्यांचा डीएनए काही काळ पाण्यात राहतो. त्यामुळे जनुकीय खूण सापडणे म्हणजे जिवंत रोगजंतू असणे नव्हे. जुनी मोजणी आणि नवी खूण एकमेकींच्या सोबत वाचायच्या आहेत.

उलट, उगमशोध न करण्याची किंमत कोण मोजतो ते पाहा. नदीकाठी जो दिसतो, त्याच्यावर आळ येतो. झोपडीतली माणसे, गोठेवाले, कपडे धुणाऱ्या बायका, निर्माल्य टाकणारा भाविक. पात्राखालून जाणारा फुटका पाइप कुणाला दिसत नाही, म्हणून त्याला नोटीसही जात नाही. आधी हटवले जातात ते गरीब, आणि पाणी तसेच राहते. पुराव्यावर आधारलेला शोध जसा दोषी दाखवतो, तसा निर्दोष माणसाला सोडवतोही.

निकाल कुणाच्या हातात?

२०२७ च्या स्नानांआधी येणारा २०२६ चा पावसाळा ही नाशिकची एकमेव रंगीत तालीम आहे. त्या चार महिन्यांत गोदेच्या प्रत्येक नाल्याचे कोरड्या आणि ओल्या दिवसाचे नमुने घेतले, तर दुरुस्तीला पुढचा उन्हाळा मिळतो. नाही घेतले, तर ऑगस्ट २०२७ मध्ये पुन्हा दोन अहवाल येतील. एक सांगेल पाणी वाईट, दुसरा सांगेल सरासरीने बरे. दोन्हींत खरे आकडे असतील, आणि रामकुंडात लेकराला डुबकी घालणाऱ्या आईला त्यातला एकही उपयोगी पडणार नाही.

पुढच्या वेळी नदीच्या पाण्याचा आकडा मोबाइलवर दिसला, तर तो मर्यादेत आहे की नाही एवढेच पाहून थांबू नये. तो कुठल्या नाल्यातून आला, कुणाच्या पोटातून आला आणि तो थांबवायची तारीख कोणती, हे आपल्या नगरसेवकाला, आयुक्तांना आणि मंडळाला विचारावे. या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या दिवशी आकड्यासोबत छापली जातील, त्या दिवशी नदी स्वच्छ करण्याचे काम खऱ्या अर्थाने सुरू झाले असे म्हणता येईल.